डोंगरावर दीडशे माणसांकडून सलग समतल चर: आखणीसाठी आणि कामाच्या वाटपासाठी मोबाइल कितपत वापरावा?

माळावरचा_गट
नमस्कार मंडळी. गावच्या गायरानातल्या डोंगरउतारावर यंदा श्रमदानातून सलग समतल चर (पावसाचे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले चर) काढायचे ठरले आहे. माप नेहमीचे, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. क्षेत्र साधारण ४० हेक्टर. उतार वरच्या अंगाला १० ते १२ टक्के, खाली ५-६ टक्के. वर वीतभर माती, खाली मुरूम. मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर रविवारी सकाळी दीडशेच्या आसपास माणसे येतील. त्यातली निम्मी शहरातून येणारी, टिकाव पहिल्यांदाच हातात धरणारी.

हाताशी तीन हायड्रोमार्कर (पाण्याने भरलेल्या नळीने जोडलेल्या, मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्या) आहेत. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) दोन दिवस भाड्याने मिळेल. स्मार्टफोन जवळपास सगळ्यांकडे आहेत, पण डोंगरावर रेंज येते-जाते.

प्रश्न तीन:
१. उंची दाखवणारी अ‍ॅप वापरून प्रत्येक गटाने आपापली समपातळी रेषा स्वतः शोधली तर चालेल का? आखणीत माणसे खोळंबू नयेत एवढाच हेतू आहे.
२. कोणत्या गटाने कुठे आणि किती खणायचे हे फोनवरून कसे कळवावे?
३. एका हंगामात ४० हेक्टर होतील का?

फक्कीची_रेघ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. त्याचं कारण मात्र नीट समजून घ्या, कारण अख्खं काम इथेच जमतं किंवा बिघडतं.

फोनचा जीपीएस मोकळ्या माळावर जागा ३ ते ५ मीटरच्या फरकाने दाखवतो. उंचीतली चूक त्याच्या दुप्पट-तिप्पट. काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तो जरा बरा. पण एक मीटर उंचीला दाबात फरक पडतो जेमतेम ०.१२ हेक्टोपास्कल, आणि सकाळी सहा ते नऊमध्ये हवेचा दाब आपला आपणच याच्या कितीतरी पट चढतो. म्हणजे गट जागेवरून हलला नाही तरी फोनवरची उंची बदलत राहणार. तुम्हाला हवी आहे दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता.

ती एवढी कशाला? ३० सेंमी खोल चराला शंभर मीटरमध्ये १५ सेंमी उतार राहिला असं समजा. चर काठोकाठ भरला तरी वरच्या टोकाला निम्मंच पाणी उभं राहील. नुकसान तेवढंच असतं तर सोसलं असतं. पण शंभर मीटरचं पाणी खालच्या टोकाकडे धावतं, तिथला भराव फोडतं आणि खालच्या ओळीवर एकाच जागी जाऊन आदळतं. ती ओळ फक्त आपल्या वरच्या दहा मीटर पट्ट्याचं पाणी पेलण्यासाठी काढलेली असते. ती फुटते, मग तिच्या खालची फुटते. पहिल्या जोरदार वळवालाच माथ्यापासून पायथ्यापर्यंत नवी ओघळ पडते, आणि तीही माणसांनी घाम गाळून खणलेल्या मोकळ्या मातीतून. चुकीच्या पातळीवर चर काढण्यापेक्षा न काढलेला बरा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

तेव्हा पातळी पाण्यानेच काढा. हायड्रोमार्करमध्ये चुका ठरलेल्या जागीच होतात:

नळी भरताना बुडबुडे राहतात. नळीचं एक टोक उंचावरच्या बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या, नळावरून दाबाने भरू नका. भरलेली नळी उन्हात पडली की पाण्यातली हवा सुटते आणि पुन्हा बुडबुडे धरतात, म्हणून वापर नसेल तेव्हा ओल्या गोणपाटाखाली ठेवा. नळी आतून ८ ते १० मिमीची हवी. त्याहून बारीक असली की पाणी स्थिरावायला फार वेळ घेतं आणि माणसं घाईत चुकीचा आकडा वाचतात. दोन थेंब रंग टाकला की वाचायला सोपं. वाचायचं ते पाण्याच्या वाटीसारख्या पृष्ठभागाच्या तळाला, आणि डोळा त्याच उंचीला आणून.

काठी उचलताना दोन्ही तोंडांवर अंगठे, आणि वाचताना दोन्ही अंगठे काढलेले. एकाचाही अंगठा राहिला तर पाणी सरकतच नाही आणि आकडा साफ खोटा येतो. सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच.

सुरुवातीचा आकडा पाठ करून तोच पुढे जुळवत बसू नका. दोन्ही काठ्यांवरचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. वाटेत थोडं पाणी सांडलं तर दोन्हीकडचं सारखंच उतरतं, पातळी बिघडत नाही. पुढच्या काठीवर आकडा जास्त आला तर ती जागा खाली आहे, चढाकडे सरका. कमी आला तर उताराकडे.

आता चालण्याची पद्धत. बहुतेक गट मागची काठी पुढच्या खुणेवर आणतात आणि पुढची आणखी पुढे नेतात. असं करू नका. एका काठीची पट्टी ५ मिमीने वर-खाली लागली असेल तर दर मुक्कामाला तीच चूक त्याच दिशेने साठते. नळी १० मीटरची असेल तर ३०० मीटरला ३० मुक्काम, म्हणजे १५० मिमी. वर सांगितलेली फुटाफूट घडवायला हे पुरेसं आहे. त्याऐवजी पुढची काठी जागेवरच ठेवा, आणि मागची तिला ओलांडून पुढे न्या. मग एका मुक्कामाला चूक वर, पुढच्याला तेवढीच खाली, अशी ती मारली जाते. त्याला पैसा लागत नाही, फक्त शिस्त लागते.

खोळंब्याची काळजी सोडा. तीन माणसं हायड्रोमार्करवर, एक फक्कीचं घमेलं घेऊन मागे. मुक्कामाला दीड मिनिट धरलं तर ३०० मीटर पाऊण तासात होतात. झुडपं, दगड, पाणी पिणं धरून दीड ते दोन तास. आखणी शनिवारी संध्याकाळी उरका. रविवारी सकाळी दीडशे माणसांसमोर आखणी करायला बसलात तर खोळंबा कुठल्याच अ‍ॅपने टळणार नाही.

ऑटो लेव्हलचे दोन दिवस मूळ रेषेसाठी ठेवा. माथ्यापासून सरळ खाली एक रेषा, तिच्यावर दर १० मीटरला पक्की खुंटी. प्रत्येक खुंटीपासून एक ओळ आडवी निघेल. दुसऱ्या दिवशी आखलेल्या ओळींची टोकं तपासा. फरक ३ सेंमीच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर ती ओळ पुसून पुन्हा. उपकरण भाड्याचं आहे, तेव्हा आधी त्याचीच परीक्षा घ्या: ५० मीटर अंतरावरच्या दोन खुंट्यांमधला फरक एकदा बरोबर मधोमध उभं राहून आणि एकदा एका खुंटीजवळ उभं राहून काढा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर लेव्हल दुरुस्तीला पाठवायला सांगा.

माळावरचा_गट
धन्यवाद, काठी ओलांडून नेण्याची पद्धत माहीत नव्हती. उतार सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे ओळी पुढे जाऊन एकमेकींच्या जवळ येतात किंवा लांब जातात. तिथे काय करायचे?

फक्कीची_रेघ
जाऊ द्या. ओळ समपातळीवर राहणं महत्त्वाचं, दोन ओळींतलं अंतर नंतर. अंतर १५ मीटरच्या वर गेलं तर मध्ये एक आखूड ओळ घाला. ६-७ मीटरच्या आत आलं तर एक ओळ तिथेच थांबवा. अंतर सारखं ठेवायच्या नादात रेषा वाकवली की पातळी गेली.

आणि एक राहिलं. चर ‘सलग’ म्हटला तरी दर १० मीटरला अर्धा मीटर जागा न खणता सोडा. पाच टक्के साठवण जाते, पण आखणीत कुठे चूक राहिलीच तर ती त्या दहा मीटरपुरतीच राहते, शंभर मीटरचं पाणी एका टोकाला धावत नाही. नवख्या हातांनी होणाऱ्या कामात मी ही सोडलेली जागा सक्तीची धरतो.

गट_आणि_तुकडे
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. वर दर १० मीटरला सोडलेली जागा सांगितली आहे, तिचा वाटपाला फार मोठा उपयोग आहे. दोन सोडलेल्या जागांमधला भाग म्हणजे एक ‘तुकडा’, आणि एका गटाचं एका सकाळचं काम म्हणजे एक तुकडा. पाच माणसं, साधारण साडेनऊ मीटर, १.७ घनमीटर माती. बऱ्यापैकी मऊ मुरमात अडीच-तीन तासांत होतं. कडक मुरूम लागला तर निम्म्यावर धरा.

तुकड्याला नाव द्या: ओळीचं अक्षर आणि तुकड्याचा आकडा. क-१, क-२, ख-१ असं. हे नाव खुंटीवर रंगवलेलं असलं पाहिजे. फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर भरवसा ठेवून गट पाठवू नका. ओळी दहा मीटरवर आहेत आणि ठिपका पाच मीटर इकडेतिकडे सरकतो, म्हणजे दोन ओळींच्या मध्ये उभ्या असलेल्या गटाला फोन कुठलीही ओळ दाखवू शकतो. ठिपका डोंगराच्या योग्य अंगाला नेण्यापुरता. शेवटचा शब्द खुंटीचा.

खुंटीवर क्यूआर लावायचा असेल तर त्यात लिंक नको, मजकूरच भरा. तसा क्यूआर रेंज नसतानाही उघडतो. मजकूर साठ अक्षरांच्या आत ठेवा. देवनागरी अक्षर जागा जास्त घेतं, चौकट दाट होते, आणि धुळीने माखलेली दाट चौकट फोनला वाचता येत नाही. उदाहरणार्थ: ‘क-७. रुंदी ६०, खोली ३०. माती उताराकडे, ३० सोडून.’ बस्स. बाकीचं छापील चिठ्ठीवर, गटप्रमुखाच्या खिशात. कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि मातीच्या हाताने ती चालत नाही, म्हणून खणणाऱ्याला खणताना फोन बघावा लागणार नाही अशीच व्यवस्था करा.

खणणाऱ्याच्या हातात हवी ती मापकाठी. टी आकाराची: आडवी पट्टी ६० सेंमी, तिच्या मधोमध खाली ३० सेंमीचा दांडा. बांबूच्या कामट्यांची गावातच होते. आडवी पट्टी दोन्ही काठांवर टेकली आणि दांडा तळाला लागला की माप झालं. आकडे वाचायची गरजच नाही. तीस गटांना तीस काठ्या, वर पाच जादा. अवजारं गटाला दोन टिकाव, एक पहार, दोन फावडी, तीन घमेली. म्हणजे एकूण ६० टिकाव, ३० पहारी, ६० फावडी, ९० घमेली. दांडे शनिवारी पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर उन्हाने आकसून पाती निसटतात.

फोन खरा कामाला येतो तो नोंदीला. ओडीके कलेक्टसारखं अ‍ॅप रेंज नसताना फॉर्म साठवतं आणि रेंज आली की पाठवतं. फॉर्म गटप्रमुखानेच भरायचा, पाचच रकाने: तुकड्याचं नाव, लांबी, तीन जागची खोली, मापकाठी आत उभी असलेला फोटो, शेरा. खोली तीन जागी का? नवखी माणसं दोन टोकांना उभी राहून खणतात, टोकं खोल जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. एकच खोली विचारली तर हमखास टोकाची भरली जाते.

रात्री ह्या नोंदी एका तक्त्यात उतरल्या की पुढच्या रविवारचं वाटप आपोआप समोर येतं: कोणते तुकडे अर्धे राहिले, कुठे कडक मुरूम लागला, तिथे दोन गट लागतील का.

वाटपात एक नियम पक्का घाला, तक्त्यातच. एका गटाच्या सरळ खाली दुसरा गट नको. १२ टक्के उतारावर सुटलेला दगड खालच्या ओळीपर्यंत सहज जातो. वरच्या ओळीत डोंगराच्या डाव्या अंगाचे तुकडे द्या, खालच्या ओळीत उजव्या अंगाचे, पुढच्या रविवारी उलट. टिकाव मारणाऱ्या दोघांत किमान दोन मीटर. फोनवर तक्ता केला की हे तपासणं सोपं जातं, तोंडी वाटपात कुणाच्या लक्षात राहत नाही.

नकाशावाला
ड्रोन आणि उपग्रहाच्या नकाशांबद्दल थोडं, कारण ते कुणीतरी सुचवणारच.

इस्रोच्या भुवन संकेतस्थळासारख्या ठिकाणी फुकट मिळणारी उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकोनांत असते. तुमचे ४० हेक्टर साधारण साडेचारशे चौकोनांत संपतात. पाणलोटाची हद्द, ओघळींची दिशा, गावाकडे पाणी कुठून येतं, हे त्यावरून छान कळतं. चराची ओळ कळत नाही. त्यावरून काढलेल्या समपातळी रेषा फोनमध्ये टाकून त्यावर फक्की मारणं हे फोनच्या उंचीवर विसंबण्याइतकंच धोक्याचं.

ड्रोन उघड्या डोंगरावर फार चांगला नकाशा देतो, पण जमिनीवर उंची मोजलेल्या पाच-सहा खुणा फोटोत दिसत असतील तरच. खुणांशिवाय सरळ खाली बघत घेतलेल्या फोटोंतून नकाशा मध्ये फुगतो, उपड्या परातीसारखा. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. शिवाय ड्रोनला गवताचा शेंडा दिसतो, जमीन नाही, म्हणून उडवायचं तर गवत वाळून गुरांनी खाल्ल्यावर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तुमची जागा हिरव्या (उडवायला वेगळी परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात आहे का ते सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर आधी बघा. माझं मत विचाराल तर ह्या कामाला ड्रोन आखणीसाठी नको, ओघळी मोजायला आणि पावसाळ्यानंतर पाहणीला हवा.

आरटीके रोव्हर (सर्वेक्षणाचा अचूक जीपीएस) मात्र कुणाकडे असेल तर जरूर मागा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यावरून (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांवरून) दुरुस्ती घेऊन तो उंचीही २-३ सेंमीपर्यंत देतो, आणि मूळ रेषा, टोकांची तपासणी एका माणसाने होते. त्याला इंटरनेट लागतं आणि वर आकाश मोकळं लागतं. तुमच्या रेंजचं बघता ऑटो लेव्हल सोडू नका.

ओघळ_ते_नाला
तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब कुणी मांडला नाही, तो मांडतो.

ओळी १० मीटरवर म्हणजे हेक्टरी १,००० मीटर चर. ४० हेक्टरांना ४० किलोमीटर. तुमचे ३० गट गुणिले १० मीटर म्हणजे एका रविवारी ३०० मीटर, सगळं सुरळीत गेलं तर. दहा रविवारांत ३ किलोमीटर, म्हणजे ३ हेक्टर. ४० हेक्टर श्रमदानाने एका हंगामात होणार नाहीत. हे आत्ताच गावात स्पष्ट सांगा, नाहीतर मेमध्ये माणसं हिरमुसतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढे ती ८ एप्रिल ते २२ मे अशी सलग ४५ दिवस चालायची. गावंच्या गावं रोज डोंगरावर होती, आणि सपाटीकडच्या कामाला यंत्रंही होती. तुमच्याकडे ४५ दिवस नाहीत, दहा सकाळी आहेत. त्या हिशेबाने जागा निवडा.

माझी सूचना: माथ्यालगतचे ३ हेक्टर घ्या, आणि तेही एकाच ओघळीच्या डोक्यावरचे. माथा ते पायथा हा क्रम मोडू नका. खाली आधी काम केलं तर वरून येणारं सगळं पाणी त्यावर येतं. ३,००० मीटर चरात एका भरीला साधारण ५ लाख लिटर मावतील. मापही बरोबर बसतं: दहा मीटर पट्ट्यावर ५० मिमी पाऊस म्हणजे दर मीटर लांबीला ५०० लिटर, त्यातलं ३५ टक्के वाहतं असं धरलं तर १७५ लिटर, आणि चर मावून घेतो १८० लिटर. याहून मोठा पाऊस आला तर चर वाहणारच, म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला सांडवा ठेवा आणि तो कडक जमिनीवर किंवा दगडावर उतरवा. खालचा ५-६ टक्क्यांचा भाग यंत्राने करता येतो, तिथे माणसांची ताकद खर्चू नका.

शहरातून येणाऱ्यांतल्या ज्यांना खणणं झेपत नाही त्यांना ओघळीतल्या अनगड दगडी बांधावर (न घडवलेले दगड नुसते रचून केलेल्या) लावा. साखळी करून दगड हातोहात देणं कुणालाही जमतं. बांधाची उंची मीटरच्या आत. पाया वीतभर खोदलेला. वरच्या अंगाचा उतार एकास एक, खालच्या अंगाचा एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा). मोठे दगड बाहेरच्या तोंडाला आणि माथ्यावर, लहान पोटात. माथा मध्ये टोपलीसारखा खोलगट हवा. लोक दिसायला छान म्हणून तो सपाट करतात, किंवा मध्येच उंच करतात, आणि मग पाणी कडेने काठ कापत जातं. बांध उभा राहतो, ओघळ त्याच्या शेजारून नवी पडते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला आला की अंतर बरोबर. हेही हायड्रोमार्करनेच बघायचं. १० टक्के उताराच्या ओघळीत मीटरभर उंचीचे बांध दहा मीटरवर येतात.

माळावरचा_गट
सगळ्यांचे मनापासून आभार. ३ हेक्टरचा हिशेब ग्रामसभेत मांडतो. शहरातून येणाऱ्यांना आधी काही पाठवावे का, व्हिडिओ वगैरे?

गट_आणि_तुकडे
दोन मिनिटांचा एकच व्हिडिओ, शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर: टिकाव कसा धरायचा, माती कुठे टाकायची, मापकाठी कशी टेकवायची. त्याहून उपयोगी म्हणजे चढाच्या सुरुवातीलाच तीन मीटरचा नमुना चर आधी खणून ठेवा, मापकाठी आत उभी करून. प्रत्येक गट तो बघून, पट्टी हाताने टेकवून मगच वर जाईल. माती उताराच्याच बाजूला आणि काठापासून ३० सेंमी सोडून, हे नमुन्यात दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. काठालगत टाकलेली माती पहिल्या पावसात चरातच परत येते.

फक्कीची_रेघ
आणि पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं जण फोन घेऊन वर जा. प्रत्येक तुकड्यात पाणी किती वर उभं राहिलं त्याची ओली रेघ काठावर दिसते. दोन्ही टोकांच्या रेघेचा फोटो, खुंटीचं नाव दिसेल असा. त्या रेघेइतकी खरी लेव्हल दुसरी नाही. जिथे एका टोकाला काठ ओला आणि दुसऱ्या टोकाला तळ कोरडा, तिथे मध्ये आणखी एक मातीची आडवण त्याच दिवशी घाला, माती ओली असताना. भराव कुठे खचला असेल तर दगड-गवत दाबून भरा. दोन दिवस थांबलात तर दुसरा पाऊस ते काम वाढवून ठेवेल.